चूळ व गुळण्या : श्वसनविषाणूंचा प्रसाररोध
लाळेतील विषाणू कमी करण्यासाठी जंतुनाशक द्रावणाने चूळ भरण्याचा उपाय. करोना, इन्फ्लुएंझा यांच्या विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते. अशा द्रावणांतील सेटिलपिरिडिनियम क्लोराइड हे जंतुनाशक ते आवरण मोडते. परिणाम मात्र तात्पुरता, कारण नाक-घशातील पेशींत विषाणू वाढतच राहतात. त्यामुळे दंतवैद्याच्या खुर्चीत, ड्रिलमुळे तुषार उडू लागण्याआधी, रुग्णाने भरलेली चूळ हाच याचा सर्वांत पटणारा उपयोग होय.

जपानमध्ये बाहेरून घरी आल्यावर गुळण्या करण्याची जुनी सवय आहे. तेथे ३८७ निरोगी व्यक्तींवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या पाण्याच्या गुळण्यांनी सर्दी-पडसे ३६ टक्क्यांनी घटले. पोव्हिडोन-आयोडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी, आश्चर्य म्हणजे, लक्षणीय फरक पडला नाही. थायरॉइडच्या रुग्णांनी आयोडीनयुक्त द्रावण डॉक्टरांना विचारूनच वापरावे.