गुलामगिरी आणि ऋतू : प्राथमिक वर्गातील मुलांना कसे सांगावे?

मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गात आम्ही मुलांना एक चित्र काढायला दिले होते. विषय होता १ फेब्रुवारी १८३५, मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली तो दिवस. एका मुलाने निष्पर्ण झाडे काढली आणि माणसांच्या अंगावर घोंगड्या दाखवल्या. कारण विचारले तर म्हणाला, "पुस्तकात फेब्रुवारी हिवाळ्यात आहे ना!" शेजारच्या मुलीने विचारले, "आपल्या आजोबांचे आजोबा गुलाम होते का?" असे प्रश्न घरीही येतात, म्हणून पालकांसाठी ही माहिती देत आहोत.

प्रथम मुलीचा प्रश्न. आपले बहुतेक पूर्वज मुंबई बंदरातून करार करून आलेले मजूर होते, म्हणजे गिरमिटिये. पण उत्तर इथेच थांबवू नये. आपल्या घरांत इतिहास २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाज लागले तिथून सुरू होतो. त्याआधीची जवळजवळ दोनशे वर्षे आपण वगळतो, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. डच लोक १६३८ मध्ये इथे वस्तीला आले आणि त्यांनी मादागास्करहून गुलाम आणले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले. त्यांच्या काळात मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून हजारो माणसे आणली गेली. काही गुलाम पाँडिचेरी, बंगाल आणि मलबार किनाऱ्यावरूनही आले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रस्ते, बंदर, पोर्ट लुईतील जुन्या दगडी इमारती यांत त्यांचे श्रम आहेत.

मुलांशी बोलताना शब्द जपून वापरावा. 'नोकर' म्हणू नये. नोकराला पगार असतो आणि तो काम सोडून जाऊ शकतो. 'दास' म्हटले की आपल्या मुलांना रामदास आठवतात, आणि ते दास्य तर आपखुशीचे! 'गुलाम' हाच शब्द बरा, जरी काहींना तो आधी पत्त्यांतला वाटला तरी. मग साध्या गोष्टी सांगाव्यात. १७२३ च्या फ्रेंच कायद्यानुसार गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. त्याला विकता येई. गुलाम आईचे मूल जन्मतःच आईच्या मालकाचे होई. नावही मालक ठेवी. शिक्षांची वर्णने या वयात नकोत, पण पळून जाणाऱ्यांना फार क्रूर शिक्षा होत आणि तरीही लोक पळत, एवढे जरूर सांगावे. ले मोर्नचा डोंगर हा अशा पळालेल्यांचा आसरा होता. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. सुटकेची बातमी घेऊन आलेले शिपाई पकडायला आले असे समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे सांगतात. ही लोकपरंपरेतली कथा आहे, कागदोपत्री नोंद नव्हे, हेही मुलांना सांगावे.

नुकसानभरपाई मात्र नक्की सांगा. ब्रिटिश सरकारने इथल्या मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. सुटलेल्या माणसांना काहीच नाही. उलट त्यांना 'उमेदवारी' या नावाखाली १८३९ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावे लागले. आमच्या वर्गात हे ऐकून सगळी मुले एकदम ओरडली होती.

नंतर गिरमिट. त्यात पगार होता (पुरुषाला महिना पाच रुपये), मुदत होती आणि मजुराला विकता येत नव्हते. पण एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापत. आपल्या पूर्वजांचे हाल खरेच होते. तरी ती गुलामगिरी होती असे मुलांना सांगू नये. क्रियोल शेजाऱ्यांच्या पूर्वजांचे दुःख त्याने झाकले जाते.

आता घोंगड्यांकडे वळू. इथे उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि हिवाळा मे ते ऑक्टोबर. फेब्रुवारीत ऊस हिरवा उभा असतो आणि चक्रीवादळाचे दिवस असतात. तोड जून ते डिसेंबर चालते. त्या चित्रात घोंगड्यांऐवजी घाम हवा होता! मराठीच्या पुस्तकांत गुढीपाडव्याला वसंत येतो, इथे मात्र उन्हाळा सरत असतो.

ऋतू का होतात, असे विचारले की मुले म्हणतात, पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा. गंमत अशी की मॉरिशसमध्ये हे चुकीचे उत्तर बरोबर वाटते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत सुमारे १५.२ कोटीवर. म्हणून जानेवारीत पुण्याच्या मावशीला फोन लावून द्यावा. तिथे त्याच दिवशी स्वेटर का, हे अंतराने सांगता येत नाही. मग एका मोसंब्यात काडी खोचून ती साडेतेवीस अंश कलती धरा. काडीचा कल खोलीतल्या एकाच भिंतीकडे ठेवून मोसंबे दिव्याभोवती फिरवा. कधी वरच्या अर्ध्या भागावर उजेड सरळ पडतो, कधी खालच्या.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, पोर्ट लुई दक्षिणेला २० अंशांवर. जणू आरशातली जोडी. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो. आपल्याकडे तसे २१ नोव्हेंबर आणि २१ जानेवारीच्या सुमारास होते. त्या दिवशी अंगणात सरळ काठी रोवा. सावली जवळजवळ नाहीशी होईल. घड्याळातल्या बाराच्या ठोक्यावर मात्र विसंबू नका. नोव्हेंबरात बाराच्या किंचित आधी आणि जानेवारीत सव्वाबारानंतर पाहावे. ढग असले तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीही चालते.