पेन्शनरच्या गाडीची जकात

निवृत्तीनंतर परदेशी कायमचे राहायला जाणारा माणूस घरातले बरेचसे सामान विकून किंवा वाटून टाकतो, पण गाडीचा मोह सुटत नाही. वर्षानुवर्षे सांभाळलेली, खोड न् खोड ठाऊक असलेली गाडी बरोबर नेली तर नव्या गावात तेवढाच आधार, असा साधा हिशेब असतो. हा हिशेब जगात अनेक ठिकाणी बंदरावर कोलमडतो. कोस्टा रिका हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. अमेरिका आणि कॅनडातले निवृत्त लोक गेल्या अर्ध्या शतकात मोठ्या संख्येने या चिमुकल्या देशात स्थायिक झाले आहेत. तिथे एरवीच्या दराने तीन वर्षांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तिच्या किमतीच्या 52.29 टक्के कर पडतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीवर 63.91 टक्के, आणि सहा वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीवर 79.03 टक्के. नव्याने येणारे लोक याला परदेशी माणसाची लूट समजतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. लिमोन आणि काल्देरा बंदरांत उतरणाऱ्या गाडीवर हाच कर तिथल्या नागरिकालाही भरावा लागतो. परदेशी पेन्शनर आणि स्थानिक माणूस यांच्यात सरकारने भेद केला तो कर लावताना नव्हे, तर तो माफ करताना. ही माफी देशाला डॉलर हवे होते तेव्हा मिळाली आणि खजिन्याला कर हवा होता तेव्हा गेली.

52.29 हा आकडा वरवर पाहता कुणीतरी लहरीने ठरवल्यासारखा दिसतो, पण तो उलगडला की त्यात थर दिसतात आणि प्रत्येक थराला साल आहे. समजा, जहाजभाडे आणि विमा धरून गाडीची किंमत 10,000 डॉलर आहे. पहिला थर निवडक वस्तूंवरच्या उपभोगकराचा, 30 टक्के. म्हणजे 3,000 डॉलर. या कराचा मूळ कायदा 1972 चा. दुसरा थर 1984 च्या कायद्याने आलेला एक टक्का, 100 डॉलर. झाले 13,100. आता यात सरकार आपल्या मनाने 25 टक्के नफा मिळवते, कारण आयात केलेली गाडी पुढे विकली जाणार असे कायदा गृहीत धरतो. रक्कम होते 16,375. तिच्यावर 13 टक्के विक्रीकर. तो 1982 च्या कायद्याने आकारला जाई, 2019 पासून त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली. हे झाले 2,128.75. तिन्हींची बेरीज 5,228.75 डॉलर, म्हणजे बरोबर 52.29 टक्के. गाडी स्वतः चालवायला आणणारा पेन्शनर ती विकणार नसतो, तरी न केलेल्या विक्रीच्या न झालेल्या नफ्यावर त्याला कर भरावा लागतो. शिवाय जुन्या गाडीची किंमत त्याच्या हातातल्या पावतीवरून नव्हे, तर अर्थखात्याच्या स्वतःच्या मूल्यसूचीवरून धरली जाते. ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात घेतली असली तरी त्या स्वस्ताईचा बंदरावर उपयोग नाही.

आपल्याकडे गाड्यांवरच्या जबर आयातशुल्काचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे: देशी कारखानदारीचे रक्षण. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यासारखे उद्योग त्या भिंतीच्या आडोशाने वाढले. कोस्टा रिकात हे कारण लागू पडत नाही, कारण कुर्ल्यासारखा मोटारींचा मोठा कारखाना तिथे उभाच राहिला नाही. मग एवढा कर कशासाठी? निव्वळ महसुलासाठी. 1941 मध्ये या देशाने सामाजिक विमा संस्था उभी केली, पुढे तिच्याच हाती देशभरची सार्वजनिक रुग्णालये आली. 1 डिसेंबर 1948 रोजी तेव्हाचे सरकारप्रमुख होसे फिगेरेस यांनी लष्कर बरखास्त केले. शाळा आणि दवाखान्यांवर खर्च करणारे, कॉफी आणि केळ्यांच्या निर्यातीवर जगणारे हे राज्य. मिळकतकर गोळा करायचा तर घरोघरी हिशेब तपासावे लागतात. गाडी मात्र ठरलेल्या नाक्यावरूनच आत येते, लपवता येत नाही, आणि विकत घेणारा तुलनेने सुस्थितीतला असतो. कर गोळा करायला याहून सोपी वस्तू नाही.

याच फिगेरेस यांच्या नंतरच्या अध्यक्षपदाच्या काळात, 1971 मध्ये, निवृत्त रहिवाशांचा कायदा आला. परदेशातून नियमित पेन्शन आणणाऱ्याला निवासाचा हक्क, आणि घरसामान व गाडी करमुक्त आणण्याची मुभा. त्यानंतर वर्षभरातच उपभोगकराचा कायदा झाला. एका हाताने भिंत उंच करायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यात पेन्शनरांसाठी दार ठेवायचे, असा हा प्रकार होता, आणि त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. गाडीवरचा कर एकदाच मिळतो. पेन्शन मात्र दर महिन्याला डॉलरमध्ये येते आणि घरभाड्यात, बाजारात, मोलकरणीच्या पगारात खर्च होते. केळ्यांच्या भावासारखी ती घसरतही नाही. एका गाडीचा कर सोडून देऊन वीस वर्षांची परकीय चलनाची धार मिळत असेल, तर कोणताही अर्थमंत्री ती घेईल.

1980 च्या दशकाने हा सौदा मोडला. अनेक वर्षे डॉलरला 8.60 वर स्थिर असलेला कोलोन कोसळला आणि 1981 मध्ये देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. कर्जफेडीत मेक्सिकोने हात टेकले त्याच्याही आधीची ही गोष्ट. पुढची दहा वर्षे आंतरराष्ट्रीय कर्जांच्या अटी पाळण्यात गेली, आणि त्या अटींचा गाभा एकच होता: तूट कमी करा. विक्रीकराचा 1982 चा आणि एक टक्क्याचा 1984 चा असे दोन कायदे याच ओढग्रस्तीतले. कोलोनमध्ये पगार घेणाऱ्या शिक्षकाची कमाई डॉलरच्या हिशेबात वितळत होती आणि प्रत्येक थरासह गाडी त्याच्या आवाक्याबाहेर जात होती. शेजारचा परदेशी पेन्शनर तीच गाडी कर न भरता वापरत होता. 31 मार्च 1992 च्या कायद्याने अध्यक्ष काल्देरोन फोर्निएर यांच्या सरकारने काही ठरावीक अपवाद सोडून करसवलतींची जुनी यादीच पुसून टाकली. त्यात पेन्शनरांची गाडीही गेली.

या निर्णयावरचा सर्वांत जड आक्षेप विश्वासघाताचा आहे. सरकारच्या शब्दावर घरदार विकून आलेल्या सत्तरीच्या माणसाला अर्ध्या वाटेत नियम बदलल्याचे सांगणे न्याय्य नाही, आणि हे मला पूर्ण मान्य आहे. जुन्यांची सवलत तशीच ठेवून नव्यांसाठी दार बंद करणे हाच सभ्य मार्ग असतो. पण जुन्यांना दिलेला शब्द पाळावा एवढेच यातून निघते. सवलत मुळात योग्य होती हे निघत नाही. दुसरा आक्षेप असा की गाडीवरचा कर श्रीमंतांनाच लागतो, तेव्हा स्थानिकांशी तुलना गैरलागू. दरांचा तक्ता याचे उत्तर देतो. गाडी जितकी जुनी तितका उपभोगकर चढा: 30, मग 40, मग 53 टक्के. जुनाट, धूर ओकणाऱ्या गाड्या देशात येऊ नयेत हा त्यामागचा हेतू रास्त आहे. तरी जुनी गाडी घेतो कोण? ज्याला नवी परवडत नाही तोच. टक्केवारीचा सर्वांत मोठा बोजा त्याच्याच माथी येतो, मग तो सान होसेतला सुतार असो की तुटपुंज्या पेन्शनवर आलेला म्हातारा. तिसरा आक्षेप शेजारच्या पनामाचा. पनामाने 1987 च्या कायद्याने पेन्शनरांना दर दोन वर्षांनी एक नवी गाडी आयातकराशिवाय घेण्याची मुभा दिली, आणि पनामात तर डॉलरच चलन आहे. मग सवलतीचा डॉलरच्या टंचाईशी काय संबंध? मला वाटते, संबंध उलट जास्तच आहे. ज्या देशाला स्वतःच्या नोटा छापता येत नाहीत, तिथे बाहेरून येणारा प्रत्येक डॉलर बाजारातला पैसा वाढवतो. शिवाय 1987 हे लष्करशहा नोरिएगाच्या राजवटीतले अस्थिर वर्ष होते, म्हणजे डॉलरची निकड तेव्हा अधिकच.

कोस्टा रिकात दार पुन्हा उघडले ते 29 वर्षांनी. कोविडने पर्यटन ठप्प केले, हॉटेले ओस पडली, आणि जुलै 2021 मध्ये अध्यक्ष कार्लोस आल्वारादो यांच्या काळात 9996 क्रमांकाचा कायदा झाला. गुंतवणूकदार, बाहेरच्या उत्पन्नावर राहणारे लोक आणि पेन्शनर यांना घरसामान एकदा आणि दोन गाड्यांपर्यंत करमाफी. 1971 चा सौदा नव्या कागदावर आला, पण या वेळी मुदत घालून: नव्या लोकांसाठी दार पाच वर्षे उघडे, आणि आत आलेल्यांना सवलती दहा वर्षे. शब्द दिला तर तो किती काळ टिकणार हेही आधीच सांगितले, ही 1992 पेक्षा निश्चित सुधारणा आहे. माफी मात्र फक्त आयातीची. दर वर्षअखेरीस भरायचा मार्चामो, म्हणजे रस्त्यावर गाडी चालवण्याचा वार्षिक परवाना, सुटत नाही. तांत्रिक तपासणीही सुटत नाही. आणि सवलतीचा हक्क नसलेल्या स्थानिक माणसाला ती गाडी विकायची झाली, तर माफ केलेला कर आधी चुकता करावा लागतो. तो विकणाऱ्याने भरला तरी किमतीत मिसळतो, म्हणजे परदेशी पेन्शनरला सोडलेली रक्कम अखेर ती गाडी घेणाऱ्या सान होसेच्या रहिवाशाकडून वसूल होते.