बुरूज नव्हे, परवानगी दरवाजा

दूरच्या सर्व्हरवर थेट न जाता मधल्या एका यंत्रातून लॉगिन करतात. त्या यंत्राला 'बॅस्टियन होस्ट' म्हणतात. बॅस्टियन म्हणजे बुरूज. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेला मी, मला हे नाव खटकतं, कारण बुरुजातून कुणी आत येत नाही.

फायरवॉलवर लिहिताना मार्कस रॅनम यांनी 1990 च्या दशकात हा शब्द रूढ केला. बुरुजावरून मोक्याची जागा दिसते, तिथली भिंत जाड, शिबंदी जास्त, असं त्यांचं कारण. असं लॉगिन ज्या 'एसएसएच'नं करतात, ते तातू युलोनेन यांनी 1995 साली फिनलंडमध्ये लिहिलं. पण खरी गंमत 'बॅस्टियन' या शब्दात आहे.

'बॅस्टियन' आलं इटालियन 'बास्तिओने'वरून, बांधणे या अर्थाच्या क्रियापदातून. त्याच्याही मागे जर्मानिक 'बास्ट' सांगतात, म्हणजे झाडाच्या सालीचा वाख. वाखानं विणून उभं केलं ते बांधकाम! हे वाचलं आणि भीमाशंकरकडची घरं डोळ्यांपुढे आली: कारवीच्या काठ्या एकमेकींना आवळून, वर शेणमातीनं लिंपलेला कूड. दगडी बुरुजाचा पूर्वज कूड निघाला. 'बस्तान'शी मात्र 'बॅस्टियन'चं नातं जोडू नये. ते फारसी, नुसता आवाज सारखा.

आपला 'बुरूज' अरबी 'बुर्ज'वरून. त्याचं मूळ कुणी ग्रीक 'पिर्गोस' मानतात, कुणी लॅटिन 'बुर्गुस'. अरबीत 'प' नाही, म्हणून 'ब' झाला, हा ग्रीकवाल्यांचा मुद्दा. मी लॅटिनच्या बाजूचा. रोमन सरहद्दीवरच्या चौकीला बुर्गुस म्हणत, आणि अरबांची रोजची गाठ त्याच चौक्यांशी पडे. शब्द असेच सरहद्दीवर हातोहात जातात.

पण कूड काय, बुरूज काय, दोन्ही अडवणारेच. मधलं यंत्र अडवतं आणि ओळख पटली की सोडतंही. शिवनेरीच्या सात दरवाजांत एक 'परवानगी दरवाजा' आहे. ते नाव इथे चपखल बसतं.

पूर्वी पुष्कळजण मधल्या यंत्राला आपल्या किल्ल्या वापरू देत. ते चोराच्या हाती गेलं, की पुढचं सगळं उघडं. 2016 च्या ओपनएसएसएच 7.3 मध्ये 'प्रॉक्सीजंप' ही सोय आली. आता देवडीवर आपली ओळख पटते, मग लाखबंद लखोटा पुढे जातो. देवडीवाल्याला तो फोडता येत नाही. आतला सर्व्हर पुन्हा ओळख विचारतो.

माझ्या कॉन्फिग फाइलमध्ये मधल्या यंत्राचं नाव 'परवानगी' आहे. प्रॉक्सीजंपच्या ओळीत तेच लिहितो.