शनिवारवाड्यापासून हौदापर्यंत

पुणे पाहायला आलेल्या माणसाला आधी शनिवारवाड्यावर नेतात. विद्यार्थ्यांना घेऊन आम्हीही तिथूनच पायी निघालो. १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. वाडा दाखवणारा पेशव्यांच्या वैभवाबद्दल भरभरून बोलतो. याच राजधानीत अस्पृश्याला गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिले. ते मात्र तो सांगत नाही.

तिथून बुधवार पेठ जवळच. इथल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ती जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली गेली. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. पेशवाईत मांग-महारांनी काय भोगले, ते तिने लिहिले. वाडा जळून तेव्हा सत्तावीसच वर्षे झाली होती. म्हणजे हा इतिहास आमच्या लेकीने केव्हाच सांगितला होता. ऐकणाऱ्यांनी कान बंद ठेवले.

पुढे गंज पेठेत फुलेवाडा. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. संध्याकाळी पर्वती चढलो. तिथल्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली सत्याग्रह करणाऱ्यांवर दगड पडले होते.

शिक्षकांनी मुलांना शनिवारवाडा जरूर दाखवावा. पण तिथूनच परत फिरू नये. हौदापर्यंत चालावे.