कापसाच्या घरात खर्चाची वही कशी ठेवावी?

पगार महिन्याला येतो, त्याने महिन्याचा हिशेब ठेवावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीसारख्या डोंगरी, पावसावरच्या तालुक्यात कापसाचा पैसा वेचणीनंतरच हाती येतो. खर्च मात्र जूनच्या पेरणीपासूनच सुरू होतो. अशा घराने वहीचं वर्ष जून ते मे धरावं.

वहीत दोन भाग करा. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी एकीकडे. किराणा, दवाखाना, शाळा, रिचार्ज दुसरीकडे. हे मिसळलं की कापूस परवडला की नाही, ते कळतच नाही.

सगळ्यात जास्त चुकते ती उधारी. बहुतेक जण ती फेडताना लिहितात. ती माल घेतला त्याच दिवशी लिहावी, शेजारी रोखीचा भावही. समजा, रोखीने १,२०० रुपयांची खताची बॅग उधारीत १,३५० ला घेतली आणि पैसे सहा महिन्यांनी दिले. वरचे १५० रुपये किरकोळ वाटतात, पण हे वर्षाला २५ टक्के व्याज झालं! उलट बँकेचं ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडतं.

लिहायचं कधी? रोज लिहिण्याचा नेम फार दिवस टिकत नाही. ‘उमेद’च्या बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठकीबरोबर नियमित लेखेही आहेत. घरात कुणी गटात असेल, तर बैठकीच्या दिवशीच घरची वहीही पुरी करावी. यूपीआयचे व्यवहार फोनमध्ये सापडतात. आठवडी बाजारात रोखीने गेलेले सापडत नाहीत, म्हणून ते आधी लिहा.