शेळीपालन : न्हावरे परिसरातील अर्थकारण

शिरूर तालुक्यातील न्हावरे आणि लगतच्या दौंड तालुक्यातील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांचा जोडधंदा. संगमनेरी व उस्मानाबादी या येथील मुख्य जाती. शिरूरच्या पूर्व भागात पाऊस कमी, तर घोड-भीमेकाठी आणि कालव्याखाली ऊस. न्हावऱ्यातच घोडगंगा सहकारी साखर कारखाना आहे. पडीक राने जशी उसाखाली जातात तशी चराई आटते आणि अर्धबंदिस्त पद्धत परवडू लागते. गळीत हंगामात उसाचे वाढे (हिरवे शेंडे) मिळतात. मात्र त्यांतील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून नुसत्या वाढ्यांवर शेळी ठेवू नये. बांधावरची शेवरी, सुबाभूळ व तुरीचा भुसा जोडीला हवा.

राज्याच्या योजनेतील गट 10 शेळ्या व 1 बोकड असा असतो. 2021 मध्ये संगमनेरी व उस्मानाबादी जातींसाठी शेळीला 8,000 व बोकडाला 10,000 रुपये दर धरला गेला. अनुदान सर्वसाधारण गटाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के. राष्ट्रीय पशुधन अभियानाचा 100 शेळ्यांचा प्रकल्प अल्पभूधारकाच्या आवाक्याबाहेरचाच.

फायदा अनुदानापेक्षा करडे जगण्यावर ठरतो. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा. दोन वर्षांत तीन वेत आणि वेताला सरासरी दीड करडू धरले, तर दहा शेळ्यांची 45 करडे होतात. पाचातले एक दगावले की नऊ गेली, आणि त्यांच्या आयांनी खाल्लेला चारा काही परत येत नाही. माज ओळखता आला नाही, तर पुढच्या माजापर्यंत 21 दिवस शेळी फुकट पोसावी लागते. विस्तारसेवेचे खरे मोल इथे आहे : जन्मल्यावर तासाभरात चीक, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, पीपीआर या साथरोगाची लस, वेळेवर जंतनिर्मूलन. ही कामे पशुवैद्यकीय दवाखाना, कृषी विज्ञान केंद्र आणि ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’च्या पशुसखी (गावातच पशुसेवा देणाऱ्या प्रशिक्षित महिला) यांच्याकडून होतात. गोठा व चारा बहुधा बाईच सांभाळते. प्रशिक्षणाला पुरुष गेला, तर शिकवलेले गोठ्यापर्यंत पोचेलच असे नाही.

विक्रीत घट वजनाच्या अंदाजात येते. व्यापारी पाठीवर, कमरेवर हात फिरवून नगावर भाव सांगतो. घरी ताणकाट्यावर वजन केलेला पाळणारा घासाघीस करू शकतो. बकरी ईदला भाव चढतो, पण कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, त्यामुळे शेळी कधी भरवायची याचा हिशेब दीड वर्ष आधी मांडावा लागतो.