एका पेनीची खेळणी

लंडन शहरातील सेंट पॉल या महामंदिराकडे जाणारा जो चढाचा रस्ता आहे, त्यास लडगेट हिल असे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाताळ जवळ आला की या रस्त्याच्या कडेला फेरीवाल्यांची रांग उभी राही. गळ्यात दोरीने अडकविलेले तबक आणि तबकात पत्र्याच्या चिमुकल्या गाड्या, लाकडी बाहुल्या, माकडे, शिट्ट्या, भोवरे. किंमत सरसकट एक पेनी, म्हणजे त्या काळच्या पौंडाचा २४० वा हिस्सा. देवळाच्या वाटेवर खेळण्यांचा बाजार भरावा यात आपल्या वाचकांस नवल वाटण्याचे कारण नाही. मंगेशी-म्हार्दोळची जत्रा ज्याने लहानपणी पाहिली आहे, त्यास हे दृश्य सांगितल्यावाचूनही दिसेल. फरक एवढाच की, हे विक्रेते पदपथावर बसत नसत. पदपथ सोडून त्याखालच्या गटाराच्या कडेला ते उभे राहत, आणि लोकही त्यांस ‘गटारातले व्यापारी’ म्हणत.

असे उभे राहण्याच्या मुळाशी कायदा होता. १८६७ साली पार्लमेंटाने लंडनच्या रस्त्यांविषयी जो अधिनियम केला, त्याच्या सहाव्या कलमाने रस्त्यावर अथवा पदपथावर माल ठेवण्यास, चढउतार करण्यापुरता आवश्यक तेवढा वेळ वगळता, बंदी केली. कलमाचा हेतू रहदारी मोकळी ठेवण्याचा. परंतु शब्द असे व्यापक की हजारो गरीब फेरीवाल्यांचा धंदाच त्यात बुडावा. ओरड झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुरुस्तीचा अधिनियम करून फेरीवाल्यांस, पोलीस आयुक्तांचे नियम पाळण्याच्या अटीवर, त्या कलमातून वगळण्यात आले. कायदा करणाऱ्यांस आपली चूक काही महिन्यांत उमगावी आणि ती त्यांनी कबूलही करावी, असे प्रसंग विधिमंडळांच्या इतिहासात फार नाहीत. तथापि ही सवलत म्हणजे हक्क नव्हे. ‘पुढे सरका’ असे शिपायाने म्हटले की सरकणे भागच होते.

या खेळण्यांचा ग्राहक कोण? सधन घरच्या मुलांस वेगळी मोठमोठी दुकाने होती. पेनीचे खेळणे घेई तो कारकून, मजूर, शिलाई करणारी स्त्री. नाताळच्या आदल्या रात्री मुलांनी पलंगाशी टांगलेल्या मोज्यात काहीतरी पडलेच पाहिजे, ही चाल तोवर इंग्रजी घरांत रुळली होती. टाचेत एखादे संत्रे, वर चार अक्रोड आणि त्यांवर पेनीचे खेळणे, एवढ्यात मोजा फुगून दिसे. मोज्याचे मूळ संत निकोलसच्या आख्यायिकेत सांगतात. आशिया मायनरमधील मायरा येथील या धर्माध्यक्षाने एका निर्धन पित्याच्या तीन उपवर मुलींच्या हुंड्यासाठी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी ती कथा. मोजा कथेत मागाहून शिरला असावा. पण हुंड्याची चिंता मात्र मुळातली आहे, आणि ती आम्हांस परकी नाही.

हा सण इंग्लंडात अखंड चालला असेही नव्हे. १६४७ च्या जून महिन्यात प्युरिटन पार्लमेंटाने नाताळ, ईस्टर आदी सणच रद्द केले आणि नोकर व विद्यार्थी यांस त्याऐवजी दर महिन्याचा दुसरा मंगळवार सुटीचा दिला. १६६० साली राजसत्ता परतली तेव्हा सणही परतला. सण वटहुकुमाने मरत नाहीत, हे गोमंतकातील वाचकांस निराळे सांगावयास नको. इकडे मोज्याची चाल नव्हती. आमच्याकडे ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांचा, आणि शेजारच्या ख्रिस्ती घरून येई ते खेळणे नव्हे, तर फराळाचे ताट.

आता पेनीचा हिशेब पाहू. खेळण्यांचा घाऊक व्यवहार ग्रोसने, म्हणजे १४४ नगांनी होई. ग्रोसभर खेळणी विकली तर हाती येणार बारा शिलिंग. त्यांतच फेरीवाल्याचे पोट, घाऊक व्यापाऱ्याचा नफा, जहाजाचे भाडे, पत्रा, रंग, लाकूड आणि करणाऱ्याची मजुरी! हा हिशेब बसविण्यासाठी कोणाला तरी फार थोड्यावर भागवावे लागत होते, आणि ते लंडनात नव्हते. पत्र्याची पुष्कळशी खेळणी न्यूरेंबर्गच्या कारखान्यांतून येत. लाकडी माल झाक्सन प्रांतातील एर्त्सगेबिर्ग डोंगरातून. बाहुल्या थुरिंगियातील झोनेबर्गहून. एर्त्सगेबिर्गमधील झायफेन हे गाव मूळचे कथलाच्या खाणींचे. खाणी आटू लागल्या तसे खाणकरी लाकूड कातू लागले. त्यांची युक्ती अशी : ओल्या स्प्रूसच्या ओंडक्याचे कडे चरकावर असे कातावयाचे की, ते केकच्या फोडींप्रमाणे उभे चिरले असता प्रत्येक फोड म्हणजे घोडा किंवा गाय निघावी. कातताना प्राणी दिसत नाही. कारागिराने तो मनात पाहावयाचा. सावंतवाडीच्या चितारआळीत ज्यांनी चरकाचे काम पाहिले असेल, त्यांस या कौशल्याची किंमत कळेल. मग त्या फोडी घरी जात. पाय कोरणे, कान-शेपूट चिकटविणे, रंग देणे हे काम बायका करीत, आणि मुले करीत. झोनेबर्गच्या घराघरांतही हेच चाले. आठवड्याचा माल मोठ्या टोपलीत पाठीवर घेऊन बायका व्यापाऱ्याच्या दारी पोचवीत.

म्हणजे लंडनच्या मुलाच्या मोज्यातील घोडा दुसऱ्या एका मुलाने रंगविलेला असे. जर्मन साम्राज्याने १९०३ साली बालश्रमाविषयी कायदा केला. तो १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला. त्यात विशेष हे की, परक्या मुलांबरोबर पोटच्या मुलांचाही विचार केला होता, आणि दहा वर्षांखालील स्वतःच्या मुलासही अशा धंद्यास लावण्याची मनाई होती. तत्त्व म्हणून हे पाऊल फार मोठे. परंतु कारखान्याचे दार ठोठावणारा निरीक्षक एकेका स्वयंपाकघराचे दार किती वेळा ठोठावणार? शिवाय साक्षीदार कोण, तर आरोपीचीच बायको-मुले. गुन्हा सिद्ध करण्याची ही अडचण कोणत्याही वकिलास चटकन दिसेल. आणि मूल कामावरून उठले, तर त्याच्या वाट्याची मिळकत भरून काढण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

इंग्लंडात वेगळीच काळजी होती. १८८७ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्यानंतर ‘जर्मनीत तयार’ ही अक्षरे मालावर ठळक दिसू लागली. हेतू ग्राहकास सावध करण्याचा. पण स्वस्त मालाची ती उलट जाहिरातच ठरली. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ही आयात थांबली. मग लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाने चाललेल्या कर्मशाळांतून जायबंदी सैनिक खेळणी करू लागले.

लडगेट हिलचा हा बाजार आज आपणांस दिसू शकतो, तो अर्नेस्ट किंग नावाच्या एका गृहस्थामुळे. १८९३ पासून सुमारे पंचवीस वर्षे तो फेरीवाल्यांकडून पेनीची खेळणी विकत घेत राहिला, आणि सोळाशेंहून अधिक नगांचा तो संग्रह १९१८ साली लंडन म्युझियमकडे आला. विद्वानांनी जपावे असे त्यांत काहीच नव्हते. मुलांच्या हाती ही खेळणी जेमतेम आठवडाभर टिकत. किंगची खेळणी कोणाच्याही मोज्यात पडली नाहीत, म्हणूनच ती उरली. त्यांतील कित्येकांवर देशाचे नाव छापलेले आहे; रंगविणाऱ्याचे कोठेही नाही.